भरावावरची विडीची सुट्टी

मी चकमक बोलतेय. पोलादाची, बोटभर लांब, दोन्ही टोकं आत वळवलेली. माझ्या जोडीला एक गारगोटी असते आणि पितळेच्या नळीत थोडा शेवरीचा कापूस. गारेवर मला झाडलं की ठिणगी उडते, कापूस पेट घेतो आणि त्यावर विडी पेटते. एवढंच माझं काम. वडीलधाऱ्यांशी गोड बोलणं त्यात येत नाही. तशी अपेक्षा ठेवून वाचत असाल तर इथंच थांबा.

जन्मानं मी कानस. नगरच्या एका शाळेच्या कर्मशाळेत नवी कोरी आले होते. लोखंड घासून गुळगुळीत करायचं शिक्षण मला मिळणार होतं. पंधरा दिवसही झाले नसतील. "कानशीचा हातोडीसारखा वापर करू नये," असं मास्तर वर्गाला सांगत होते, आणि कसा करू नये ते दाखवायला त्यांनी मलाच ऐरणीवर आपटलं. माझे दोन तुकडे झाले. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या हलगर्जीपणामुळे मोडली.' माझी शाळा तिथं सुटली. शाळा सुटली की आयुष्य फुकट जातं म्हणतात. माझं तर तिथून पुढं सुरू झालं.

भंगारातून मी एका घिसाड्याच्या भट्टीत पडले. तिसगावच्या बाजाराबाहेर त्याचं पाल होतं. तो बसून मला सांडशीत धरायचा आणि त्याची बायको उभ्यानं घण मारायची. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "तूच घडवलीस का रं?" तो म्हणायचा, "व्हय." ती घण टेकवायची, पदरानं तोंड पुसायची आणि काही बोलायची नाही. मी तेव्हाच ठरवलं, आपण गप्प बसायचं नाही.

सूर्यभानानं मला बाजारातून उचललं. वय तेहतीस, दोन लेकरांचा बाप, तोंडानं फटकळ. डोंगराच्या कडेला त्याचं गाव, तिथल्या वाऱ्यात आगपेटीची काडी टिकत नाही. मी टिकते. मला पेटायला वारा आडवा येत नाही.

तर हा तेहतीस वर्षांचा बाप्या स्वतःच्या बापासमोर विडी ओढायचा नाही. बापाचं नाव कानिफनाथ, सगळे त्याला आबा म्हणतात. म्हातारा स्वतः उठल्यापासून निजेपर्यंत विड्या ओढणारा. पण लेकानं त्याच्यासमोर ओढली की मान गेला. जावयानं सासऱ्यासमोर ओढली की मान गेला. धाकट्या भावानं थोरल्यासमोर ओढली तरी तेच. म्हातारा खाकरला की सूर्यभान पेटती विडी मुठीत दाबायचा. तळहातावर तीन काळे डाग पडले होते. म्हाताऱ्याला कळत नव्हतं असं नाही, मुठीतून धूर निघताना आंधळ्यालाही वास येतो. पण बघून न बघितल्यासारखं करायचं, याला इकडं संस्कार म्हणतात. माझ्या मते दोघांनी मिळून एक चांगली विडी वाया घालवायची, याचं ते नाव आहे.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर गेला. बाप्यांनी खोदायचं, बायांनी मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन भरावावर टाकायच्या. सूर्यभान खोदायला, आबा त्याच रांगेत चार पावलांवर, आणि सूर्यभानाची बायको चांगुणा पाटी वाहायला. मी सूर्यभानाच्या कोपरीच्या खिशात.

कामावर एक गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, पण चालू होती. बाप्या थकला की टिकाव टाकायचा, दगडाच्या आडोशाला जायचा आणि विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत त्याला कोणी उठवायचं नाही. ही विडीची सुट्टी. बायांना सुट्टी नव्हती, कारण बाया विडी ओढत नाहीत. दुष्काळात असला हिशेब कुणाला खटकतही नव्हता.

मग नवा हजेरी कारकून आला. हाताखाली दीडशे माणसं, आणि खोदाई दर आठवड्याला मापात कमी भरायची. त्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दगडावर उभा राहून सांगितलं, "उद्यापासून विडी बंद. ओढताना दिसला की हजेरीपटावरून नाव कमी."

दीडशे माणसांनी माना हलवल्या. सूर्यभानानं नाही हलवली.

"साहेब, मानूस बिडीसाठी बसतूय असं तुमाला वाटतंय. मानूस बसन्यासाठी बिडी वढतूय."

"मग बसूही नका," कारकून म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी हजेरीपासून दुपारपर्यंत कोणी टेकलं नाही. आणि त्या दिवसापासूनच सूर्यभान विडीवाल्यांचा पुढारी झाला. निवडणूक नाही, हार नाही. विडी बंद झाल्याचा राग ज्याच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडला, तो पुढारी.

कामाच्या दिवशी त्याचा प्रचार टिकावाच्या ठोक्यावर चालायचा. एक ठोका, एक वाक्य. शेजाऱ्याला सांगायचा, शेजारी पुढच्याला. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. त्या दिवशी तो धुतलेली टोपी घालून तिसगावात पानपट्टीशेजारच्या लिंबाखाली बसायचा. पुढ्यात शाईची गादी आणि अर्ज. अर्ज त्यानंच लिहिला होता: 'कष्टकरी माणसास दिवसातून दोन वेळा विडी ओढण्याचा हक्क मिळावा.' ज्याला विस्तव हवा त्याला मी विस्तव द्यायचे, मग सूर्यभान त्याचा अंगठा घ्यायचा. विस्तव घेऊन अंगठा न देता जाणारे बहुतेक म्हातारे होते, हेही सांगून ठेवते.

मारुतीच्या पारावरचे म्हातारे तर औरच.

"सूर्या, आमचे अंगठे घे," त्यातला एक म्हणाला, "पर त्या कागदावर पोरांची नावं नगं. पोरं बिडी वढत न्हाईत."

"न्हाई वढत?"

"आमच्या म्होरं न्हाई वढत."

"मंग तुमच्या म्होरं न्हाई लिवत. तिकडं जाऊन लिवतो."

पोरं निघाली त्यांच्यावर कडी. "आमचा अंगठा घे भाऊ, पर आमच्या बाला कागद दाऊ नगंस." शेवटी अर्ज दोन झाले. एक बापांचा, एक लेकांचा. आबाचा अंगठा सूर्यभानानं मागितलाच नाही. मागायचा म्हणजे आपण विडी ओढतो हे तोंडानं सांगणं आलं.

बाजारातून परतताना एस.टी.त तो कंडक्टरशी भांडायचा. मागच्या बाकावर तरी विडी ओढू द्या, हक्क आहे म्हणायचा. तिथं मी त्याच्या बाजूची नव्हते. मागच्या बाकावर एकदा ओली बाळंतीण बसली होती आणि तिनं पदर नाकाला लावला होता. कंडक्टरनं शिट्टी वाजवून त्याला वेशीवरच उतरवलं, तेव्हा मी खिशात हसले. पुढारी झाला म्हणून प्रत्येक ठिकाणी खरा असतोच असं नाही.

खरा धक्का त्याला घरात बसला. चांगुणा भाकरी थापत होती.

"दोनी कागद झालं?" तिनं विचारलं.

"झालं. साठ-सत्तर अंगठे हायती. बायांचे मिळाले तर जोर येईल."

"बायांनी कशापायी द्यायचे?"

"आमाला सुट्टी मिळाय."

"आन आमाला?"

"तुमी बिडी वढता व्हय?"

"बसायला बिडी लागती व्हय?" चांगुणा म्हणाली. "कारकुनाला तुमीच सांगितलं नव्हं, मानूस बसन्यासाठी वढतूय म्हनून. का ते निस्तं बाप्यांचं हाय?"

सूर्यभान भाकरीकडे बघत राहिला. बोलणाऱ्याला स्वतःचंच वाक्य परत मिळालं की असंच होतं. मग तिनं हळू आवाजात दुसरं विचारलं, "आन तुमचं नाव कमी झालं तर? चूल माज्या एकटीच्या पाटीवर चालायची न्हाई."  त्यानं दोन्ही अर्ज काढले आणि वर ठळक लिहिलं, 'विडी ओढो न ओढो, सर्व बाप्यांस व बायांस दोन वेळा बसण्याची सुट्टी मिळावी.' दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चांगुणानं बायांचे अंगठे घेतले, आणि त्यात तिला एकही सबब ऐकावी लागली नाही.

मग तालुक्याचे मोठे साहेब काम बघायला येणार असल्याचं कळलं. सूर्यभानानं बेत केला. साहेब भरावावर आले की तो मला झाडेल. ती खूण. ठिणगी दिसली की सगळ्या बाप्यांनी एकदम विडी पेटवायची. एकाचं नाव कमी करता येतं, दीडशेचं येत नाही. बेत सगळ्यांना पटला.

साहेब आले. सोबत कारकून, काखेत हजेरीपट. सूर्यभान रांगेतून पुढं आला, अर्ज साहेबांच्या हातात दिले आणि मला गारेवर झाडलं. आयुष्यात एवढी मोठी ठिणगी मी पाडली नव्हती. कापसानं पेट घेतला. सूर्यभानानं विडी ओठात घेतली, मान वर केली आणि समोर आबा.

विडी ओठातच राहिली.

मी बाजूला बघितलं. एकाच्या हातात विडी, शेजारी त्याचा सासरा. एकाच्या ओठात विडी, मागं थोरला भाऊ. म्हाताऱ्यांचंही तेच. लेकासमोर आपण ओढली तर तोही ओढेल, म्हणून तेही थांबलेले. बेत करताना दीडशे माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की रांगेतला प्रत्येक जण कुणाचा तरी लेक, जावई नाहीतर बाप आहे. सगळा भराव हातात विडी धरून पुतळ्यासारखा उभा. मला हसू येत होतं आणि रागही.

"कोण ओढतंय?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही साहेब," कारकून म्हणाला. "मागणी या एकट्याचीच आहे. विस्तव याच्याच हातात दिसतोय." त्यानं हजेरीपट उघडला आणि कानावरची पेन्सिल काढली.

सूर्यभान हलला नाही. चांगुणा डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी होती, तिचं सगळं लक्ष त्या पेन्सिलीवर.

तेव्हा आबा चार पावलं चालून आला.

"सूर्या," तो म्हणाला, "आग आन हिकडं."

सूर्यभानानं मला त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं स्वतःची विडी पेटवली. मग तो साहेबांच्या देखत, तिथंच मातीत, मांडी घालून बसला. पण बसला तो लेकाकडं पाठ करून.

"मी डोंगराकडं बगतोय," तो मोठ्यानं म्हणाला. "मागं कोन काय करतंय मला ठावं न्हाई. आन सायेब, नाव कमी करायचं तर पयलं माजं करा. पयली मी पेटवली."

 मग पारावरचा तो म्हातारा डोंगराकडं तोंड करून बसला. मग दुसरा. बघता बघता सगळे बाप डोंगराकडं आणि सगळे लेक तलावाकडं, पाठीला पाठ. दोन्हीकडून धूर निघाला. मधल्या जागेत बायांनी पाट्या खाली ठेवल्या आणि पाय पसरून बसल्या. सगळ्यांत आधी चांगुणा.

साहेबांनी रांगेकडं बोट केलं. "हे असे पाठमोरे का बसलेत?"

"मान राखून बसल्यात, सायेब," चांगुणा बसूनच म्हणाली.

साहेब हसले. अर्ज दोन वेळा वाचले आणि कारकुनाला म्हणाले, "दिवसातून दोनदा शिट्टी वाजवा. दहा दहा मिनिटं. सगळ्यांना." कारकुनानं पेन्सिल कानावर ठेवली. आठवड्यानं माप घेतलं तेव्हा खोदाई पूर्ण भरली. बसलेला माणूस उठल्यावर जास्त खोदतो, हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलं नसावं.

म्हाताऱ्यांबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. आबाबद्दल थोडं बदललं, ते मी कबूल करते. पण एक सांगते, त्या दिवशी आग मागितली ती त्यानं परत दिलीच नाही. मी आता त्याच्या चंचीत असते. माझी धार बोथट झालीय, नळीला पोचा आलाय, कापूस म्हातारा स्वतः बदलतो. सूर्यभानाचा पुढारीपणा चालूच आहे. आता कामावर प्यायच्या पाण्याचा रांजण सावलीत ठेवा म्हणून अर्ज घेऊन तो बाजारात बसतो, आणि या खेपेला अर्ज एकच आहे.

तुम्ही कुणाचे बाप असाल, कुणाचे सासरे असाल, तर माझं एवढंच मागणं आहे. तोंड फिरवणं जमत नसेल तर नका फिरवू. निदान हात तरी मागं करा.

शिट्टी झाली बघा. आबा डोंगराकडं तोंड करून बसलाय. त्याची विडी पेटली. न वळता त्यानं हात मागं नेला आणि मला पाठीमागच्या दगडावर ठेवलं. त्या दगडाकडं दुसरा एक हात येतोय, तळव्यावर तीन काळे डाग असलेला. दोघं याबद्दल कधी चकार शब्द बोललेले नाहीत. मला कामाला लागायला हवं. येते.