राणी कीड नाकात पळाली

लकडगंजातल्या मिरचीच्या गोदामासमोर दातांतली कीड काढणारे महाराज बसले होते आणि सगळा मोहल्ला तोंड उघडून रांगेत उभा होता. पाण्याच्या परातीत तापलेलं लोखंड, त्यावर चिमूटभर बिया, वर उपडं मडकं. मडक्याच्या भोकातली नळी दाढेत धरायची. मडकं उचललं की पाण्यावर पांढऱ्या अळ्या! कोणाच्या जास्त निघाल्या यावर पैजा लागत होत्या.

रांगेत सर्वांत पुढे गोदामाचा मालक रुपराव. त्याची उजवीकडची वरची दाढ ठणकायची म्हणून एका दंतवैद्यानं ती काढली, मग शेजारचीही काढली. ठणका तसाच. आता उजवी नाकपुडी चोंदली होती, तिच्यातून मधूनच रक्त यायचं आणि गाल बधिर झाला होता. हे ऐकून महाराज भलतेच खूश झाले.

"राणी कीड हाय. दाढ उपटली म्हणून नाकात पळाली. रक्त येऊन राह्यलं म्हंजे ते मरून राह्यली. आता डॉक्टरकडे जाऊ नको."

रुपराव आतून टरकला होता. डॉक्टरनं काही भलतं सांगण्यापेक्षा त्याला कीड परवडत होती.

त्याची मुलगी पिंकी दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. रक्ताचं तिनंही ऐकलं, पण ती महाराजांशी भांडली नाही. घरून आजोबांना, बापूजींना, घेऊन आली आणि यांची दाढ फार दुखते म्हणाली. महाराजांनी घाईघाईत नळी दिली. मडकं उचललं. अळ्याच अळ्या! लोकांनी जयजयकार केला.

बापूजींनी खिशातून कवळी काढून दाखवली आणि बोळकं उघडलं.

"दात तं एकही नाही. मंग ह्या कोणाच्या गा?"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पिंकीनं त्याच बिया पुन्हा मडक्याखाली ठेवल्या, नळी कोणाच्याही तोंडात न देता. पुन्हा अळ्या. रिंगणीच्या काटेरी झुडपाची बी तापली की फुटते आणि आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो, तीच ही कीड, असं तिनं सांगितलं. तोवर महाराज मडकं तिथंच टाकून पसार.

रुपरावही खूप हसला. मग त्यानं नाकाखाली बोट फिरवून पाहिलं.

"मंग रक्त काहून येते वं?"

"तेच पाहू बाबा. आजच."

रामदासपेठेतल्या दवाखान्यात स्कॅन झाला. वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच गालाच्या हाडात एक पोकळी असते. तिथं गाठ होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. असा कॅन्सर क्वचितच होतो, म्हणून दाढेवर खापर फुटत राहतं. पण डॉक्टर म्हणाले, गाठ अजून काढता येईल. आणि काढली.

आता रुपराव खपाटीला गेलेला गाल घेऊन गल्ल्यावर बसतो आणि दाढ धरून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "नाक एकाच बाजूनं बंद हाय का? रक्त येते का?" कोणी हो म्हणालं, की मिरची तोलायची सोडून स्वतः त्याला गाडीवर बसवून नाकाच्या डॉक्टरकडे नेतो.