एक जूनची पंचाहत्तरी

शशिकांत वर्तकांनी आयुष्यात बऱ्याच पत्रांना उत्तरं दिली नव्हती. पण एडिनबराहून आलेल्या त्या एका पत्राला उत्तर न देण्यासाठी त्यांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे उत्तर द्यायलाही पडले नसते.

पत्र आलं २००६च्या मार्चमध्ये. थिसलबर्न म्युच्युअल नावाच्या विमा कंपनीचं. या कंपनीची पॉलिसी वर्तकांनी अठ्ठ्याहत्तर साली घेतली होती. ते जाड जाड तांत्रिक पुस्तकांच्या शेवटी येणारी सूची तयार करायचे. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच काम, घरी बसून, प्रकाशकांसाठी. नोकरी नाही म्हणून नोकरीची पेन्शनही नाही. तेव्हा एक एजंट लंडनजवळच्या पिनरच्या या घरात येऊन चहा पिऊन सांगून गेला होता, की पासष्टपर्यंत दरवर्षी पैसे भरा आणि मग जमेल तेवढं थांबा. जितकं थांबाल तितकी पेन्शन मोठी, मरेपर्यंत, आणि पेन्शनचा दर आत्ताच छापून देतो. त्या काळी व्याजाचे दर गगनाला भिडलेले होते, त्यामुळे छापलेला दर असा होता की तीस वर्षांनी तो पाहून कंपनीच्याच पोटात गोळा यावा.

वर्तक थांबले. पासष्टला थांबले, सत्तरला थांबले. चालढकलीला बक्षीस देणारी जगातली ही एकच योजना असेल, आणि तिला तिच्या लायकीचा माणूस मिळाला होता.

पण पत्रात लिहिलं होतं की कायद्याने पंच्याहत्तराव्या वाढदिवसाच्या पुढे थांबता येत नाही. त्याआधी सोबतच्या फॉर्मवर एका चौकोनात खूण करून पाठवा. पहिला चौकोन : पेन्शन फक्त तुम्हाला, तुम्ही असेपर्यंत. दुसरा चौकोन : रक्कम थोडी कमी, पण तुमच्या पश्चात पत्नीला तेवढीच चालू राहील. दोन्हीकडे जुना दर कायम. तुमच्याकडून काहीच आलं नाही, तर पहिला चौकोन धरला जाईल.

'तुमच्या पश्चात' या दोन शब्दांशी वर्तक अडले. वैजयंतीबाईंशी संसार करून त्यांना सत्तेचाळीस वर्षं झाली होती. या काळात बॉयलर, शेजाऱ्याचं कुंपण, मुलाची, म्हणजे अजयची गणितं, सगळ्यावर बोलणं झालं होतं. 'पश्चात' हा विषय मात्र निघाला नव्हता. वैद्यकाच्या एका पुस्तकाची सूची करताना त्यांनी 'मृत्यू' या शब्दापुढे पान क्रमांक न देता 'पाहा : आयुर्मान' असं लिहिलं होतं, आणि त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली होती. आता दुसरा चौकोन भरायचा तर बायकोची जन्मतारीख हवी, पासपोर्टची प्रत हवी, तिची सही हवी. म्हणजे तिला सांगायला हवं, की अगं, मी गेल्यावर तुझं काय, याचा विचार करतोय. हे वाक्य कोणत्या प्रसंगी म्हणतात? चहाच्या आधी की नंतर?

त्यांनी उत्तराचे अकरा मसुदे केले. पहिल्यात उशिराबद्दल दिलगिरी नव्हती, कारण उशीर झाला नव्हता. अकराव्यात दिलगिरीच दोन परिच्छेद झाली, आणि मग एवढी दिलगिरी व्यक्त करणाऱ्या माणसाने आधीच का लिहिलं नाही असं कंपनीला वाटेल, म्हणून तोही फाडला. शेवटी पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं आणि पुस्तक कपाटात.

शिवाय घाई नव्हतीच. पंचाहत्तरी २००७च्या नोव्हेंबरात होती. कार्तिक शुद्ध नवमी, त्या वर्षी अठरा तारखेच्या आसपास आणि नेमका रविवार. हॅरोचा हॉल ठरला होता, जेवणाच्या ऐंशी पानांचा अंदाज होता, जिलेबीवाला लेस्टरहून येणार होता.

२००७च्या मे महिन्यात, बँक हॉलिडेच्या सोमवारला जोडून, अजय आणि त्याची बायको मंजिरी बेसिंगस्टोकहून राहायला आली. अजय इथेच वाढलेला. मंजिरी मात्र पुण्याची, बोलण्यात आणि पाहण्यात. रविवारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉपवर अमृतमहोत्सवाची आमंत्रणपत्रिका करत होती. जन्मतारीख काय घालू, असं तिने विचारलं.

"पासपोर्टवर तर फर्स्ट जून आहे," अजय म्हणाला. "माझा बॉसचा पण इंडियन फादर-इन-लॉ आहे, त्याचा पण फर्स्ट जून. तुमच्या टाइमला सगळे जूनमध्येच बॉर्न व्हायचे का?"

वर्तक खुलले. ही गोष्ट त्यांना सांगायला आवडायची. वडील त्यांना पेणच्या शाळेत घालायला घेऊन गेले, तेव्हा वयात पाच महिने कमी पडत होते. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एक जून लिहून टाकलं. त्या वर्षी त्या मास्तरांनी सबंध वर्गाला एक जूनला जन्म दिला होता. एवढी बाळंतपणं तालुक्याच्या सुईणीनेही केली नसतील.

सगळे हसले. मग वर्तक, गोष्ट रंगली की जरा जास्त बोलतात तसे, म्हणाले की तसं पाहिलं तर नोव्हेंबरच सोयीचा, कारण त्या पेन्शनच्या फॉर्मचंही पंचाहत्तरीपर्यंतच पाहायचंय.

अजयने कोणता फॉर्म असं विचारलं. वर्तकांनी सांगितलं, म्हणजे जेवढं टाळता आलं नाही तेवढं. मंजिरीने लॅपटॉप मिटला.

"बाबा," ती म्हणाली, "त्या कंपनीला तुमची तिथी माहीत आहे का?"

वर्तकांच्या डोळ्यांपुढे पेणचे हेडमास्तर उभे राहिले, चष्म्यावरून बघत. आज सत्तावीस मे. एक जून शुक्रवारी. उद्या सुट्टी, पोस्ट बंद, कंपनी बंद. पाच दिवसांनी एडिनबरात कुठलासा संगणक पहिल्या चौकोनात खूण करणार होता आणि वैजयंतीबाईंचं नाव त्या घरातल्या पैशातून कायमचं पुसलं जाणार होतं. बाईंचं स्वतःचं म्हणाल तर शाळेच्या कॅन्टीनमधल्या नोकरीची पेन्शन, ज्यात महिन्याची भाजी येईल, गॅस येणार नाही.

अजयने घाबरून सुश्रुतला फोन केला. सुश्रुत हा मराठी मंडळातला आर्थिक सल्लागार. 'निवृत्तीचं नियोजन' या विषयावर भाषण देऊन त्याने चाळीस जणांना झोपवलं होतं आणि सहा जागे राहिलेल्यांना गिऱ्हाईक केलं होतं. सोमवारी, सुट्टी असूनही, तो चहाच्या वेळेला चकचकीत फोल्डर घेऊन हजर झाला. बटाटेवडा खात त्याने आधी तब्येतीची चौकशी केली. सिगारेट? नाही. दारू? नाही. साखर, हृदय, रक्तदाब? सगळं ठीक.

"अरेरे," सुश्रुत मनापासून म्हणाला. "आजार असता तर बाजारात तुम्हाला चांगला रेट मिळाला असता, काका. लवकर जाणाऱ्यांना कंपन्या जास्त देतात."

वर्तकांनी आयुष्यभर पहाटे उठून फिरायला जाण्याबद्दल जवळजवळ माफी मागितली.

मग सुश्रुतने त्याचा बेत मांडला. नियम आता बदललेत. पंच्याहत्तरला पेन्शन विकत घ्यायलाच पाहिजे असं राहिलेलं नाही. जुनी पॉलिसी मोडायची, सगळी रक्कम त्याच्या फंडात टाकायची, आणि सरकार तक्त्यात सांगेल त्या हिशेबाने दरवर्षी थोडे थोडे पैसे काढायचे. अमुकपेक्षा कमी काढता येत नाहीत, तमुकपेक्षा जास्त नाहीत. बाकीचा पैसा वाढत राहतो, आणि कंट्रोल काकांच्या हातात.

"आणि फंड पडला तर?" मंजिरीने विचारलं.

लाँग टर्ममध्ये पडत नाही, असं सुश्रुत म्हणाला. पंच्याहत्तरीच्या माणसाची लाँग टर्म किती धरायची, हे त्याने सांगितलं नाही. जुना छापील दर अर्थातच जाईल. दोघंही गेल्यावर उरलेल्यातलं बहुतेक टॅक्सवाले नेतील, पण तोवर ग्रोथ तर झालेली असेल.

"आणि तुला काय मिळतं रे यात?" वैजयंतीबाईंनी त्याच्या बशीत आणखी एक वडा ठेवत विचारलं.

"माझं कमिशन फंडवाली कंपनी देते, काकू. तुम्हाला काही पडत नाही."

"म्हणजे त्यांना तुझी दया येते म्हणून देतात."

सुश्रुत हसला, पण फोल्डर त्याने जरा जवळ ओढलं. मग म्हणाला की निदान मूळ पत्र तरी बघू द्या. वर्तक उठले. कपाटासमोर उभे राहिले. दुसऱ्यांच्या चारशे पानी पुस्तकात कोणता शब्द कुठे आहे हे तीस वर्षं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात एक पत्र सापडेना. त्यांनी पुलांवरचं पुस्तक झटकलं, मातीच्या प्रकारांवरचं झटकलं. अजय मागे उभा राहून उसासे टाकत होता.

वैजयंतीबाईंनी हात पुसले, खालच्या फळीवरून 'नागरी सांडपाणी' नावाचं पुस्तक काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

पत्र तिथेच होतं. फॉर्म तिथेच होता. आणि फॉर्मला टाचणीने लावलेली, घडी न पडलेली, एक प्रत होती. वैजयंती शशिकांत वर्तक यांच्या पासपोर्टची. जन्मतारीख, एक जून.

"ही कधी लावलीस?" वर्तकांनी विचारलं.

"गेल्या वर्षी. एप्रिलात. कपाट पुसताना."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर मला पैसे मिळतील असं बघा, असं मी म्हणायचं? मी वाट बघत होते. माणसाला अठ्ठेचाळीस वर्षांत एक प्रश्न विचारता येऊ नये?"

सुश्रुत फोनकडे पाहू लागला. अजय खिडकीकडे. वर्तकांना वाटलं की आता इथे एखादा चांगला माणूस काहीतरी चांगलं बोलला असता. त्यांच्या घशाशी 'पाहा : आयुर्मान' येऊन अडकलं. त्यांनी ते गिळलं.

"तू मागे राहिलीस तर," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा सुरुवात केली. "मी गेल्यावर तू मागे राहिलीस, तर तुला तेवढेच मिळायला हवेत. गॅससकट."

"एवढंच होतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "चौदा महिने लागले."

सुश्रुतने व्यवसायाचा धर्म म्हणून शेवटचा प्रयत्न केला. दुसऱ्या चौकोनापायी काका दर महिन्याला पन्नास-साठ पाउंड सोडणार. काकूंनी नव्वदी ओलांडली तरच हा सौदा परवडतो.

"मग ओलांडते," काकू म्हणाल्या. "तू वडा खा."

फॉर्म जेवणाच्या टेबलावर भरला गेला. वर्तकांनी दुसऱ्या चौकोनात इतकी बारीक खूण केली की मंजिरीने ती गिरवायला लावली. दोघांच्याही तारखा एक जून पाहून एडिनबरावाले काय म्हणतील, असं अजयने विचारलं. वर्तकांना त्यावर एक खुलासा जोडावासा वाटला. पेणची शाळा, हेडमास्तर, खरी तिथी, फार तर एक पान. त्यांनी पेन उचललंही. वैजयंतीबाईंनी ते काढून घेतलं आणि टोपण लावलं. खुलासा पाठवलात तर ते त्यावर पत्र पाठवतील, म्हणाल्या, आणि मग तुम्ही त्याला उत्तर द्याल.

मंगळवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच दोघं दारात उभी होती. आत रांगेत वर्तकांनी पाकीट तीनदा उलटंसुलटं केलं. सही इथेच करायची होती ना? दिलगिरी न लिहिता पाठवणं उद्धटपणाचं तर दिसणार नाही? तिसऱ्यांदा उलटल्यावर पाकीट वैजयंतीबाईंनी आपल्या पर्समध्ये ठेवलं.

काउंटरवरच्या नीनाबेन ओळखीच्या. उद्या दुपारी एकच्या आत एडिनबराला पोचेल, सही घेऊन देतील, असं त्यांनी सांगितलं. मग पोस्टाच्या फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, हरवलंच तर भरपाईसाठी आतल्या वस्तूची किंमत काय लिहायची?

वर्तक विचारात पडले. प्रश्न साधा नव्हता. आत होता त्यांचा तीस वर्षांचा पैसा, चौदा महिन्यांचा भित्रेपणा आणि...

"कमीत कमी लिहा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "स्वस्त पडेल."

नीनाबेननी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.