मऊ काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे, आणि खरं सांगायचं तर आता मला सरळ उभं राहायचाही कंटाळा येतो. शिंप्याच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमागे, भिंतीला टेकून माझे दिवस चालले आहेत. अंगावर चिंध्यांची धूळ बसली आहे. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. काचेचे बारीक तंतू लोखंडी दांड्याभोवती गुंडाळून, चिकट रसात भिजवून मला भट्टीत भाजलं. रंग मधासारखा आला. मग तपासनिसाने प्रत्येकीच्या टोकाला वजन बांधून पाहिलं. बाकीच्या काठ्या नुसतं टोक वाकवून ताठ झाल्या. मी मात्र कमरेपर्यंत वाकले आणि सावकाश वर आले. तो म्हणाला, "ही लेचीपेची आहे." जन्मतःच हे ऐकलं की उमेद कुठून येणार?

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणत. तळ्यातले बास मासे पकडायचा त्याला भारी नाद होता. दुकानदार कडक काठी पुढे करत म्हणाला, "मास्तर, बास म्हणजे अंगात जोर असलेला मासा. ही न्या."

मास्तरांनी खिशातून आमिष म्हणून लावायची लाकडाची छोटी मासोळी काढली. तिच्या पोटाखाली आणि शेपटीला तिहेरी गळ होते. "ही पाण्यात थरथरत पोहते. मासा तिला ओठानेच धरतो. कडक काठीने हिसका दिला तर ओठ फाटून गळ सुटेल. मला वाकणारी दाखवा. आम्ही कापड बघून सुई घेतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाकण्याला कोणी गुण म्हटलं होतं.

मास्तरांच्या दुकानात माझ्याआधी दोन काठ्या होत्या. थोरली जाडजूड आणि कडक. शेवाळाच्या गचपणावरून रबरी बेडूक ओढायचा, मासा लागला की वेलींसकट उपटून काढायचा, हे तिचं काम. तिला विणलेला, जराही न ताणणारा दोरा लागे. मधलीचं टोक फार हुशार. तळाशी रबरी गांडूळ सरकवताना माशाने नुसतं हुंगलं तरी तिला कळे. तिचा दोरा बारीक, पाण्यात बुडणारा आणि न दिसणारा. माझ्या वाट्याला साधा नायलॉनचा, थोडा ताणला जाणारा. आम्ही तिघी कोपऱ्यात जावांसारख्या राहायचो, म्हणजे एकमेकींना टोमणे मारत, पण एकाच घरात.

चांगली वर्षं गेली. मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हातातला जोर गेला. दुकान मुलीने सांभाळलं. गुणी पोर, कामाला वाघ. पण वडिलांना काही करूच देईना. सदऱ्याची बटणं ती लावी, फळ ती कापून देई, चहाचा कपसुद्धा तीच ओठाला लावी. "बाबा, राहू द्या हो, मी करते ना." मास्तर नुसते आपल्या हाताकडे बघत.

एक दिवस मात्र बोलले. "मला एक मासा माझ्या हाताने काढायचाय. एकच. तू काठीला हात लावायचा नाहीस."

"बरं बाबा," ती म्हणाली.

पण काळजी माणसाला आंधळं करते. सुटीच्या दिवशी तिने सर्वांत दणकट म्हणून थोरली उचलली, तिचा न तुटणारा विणलेला दोराही ठेवला आणि त्याला लाकडी मासोळी बांधली. पुढचं मला थोरलीनेच सांगितलं. मासा लागला. मुलगी ओरडली, "हिसका द्या बाबा!" हाताने ऐकलं नाही. तिने काठी ओढून घेतली आणि स्वतः हिसका दिला. मासोळी रिकामी परत आली. मास्तरांनी रिकामे हात मांडीवर ठेवले. थोरलीलासुद्धा वाईट वाटलं, आणि तिला सहसा काही वाटत नाही.

नंतर एक गिऱ्हाईक ताणल्या जाणाऱ्या कापडाची उसवलेली पँट घेऊन आलं. मुलीने शिवण पाहिली आणि फणकारली, "ताणाच्या कापडाला न ताणणारा दोरा घातलाय. बसताक्षणी उसवणारच!"

मास्तर खुर्चीतून म्हणाले, "आणि माशाच्या ओठाला तू काय घातलं होतंस गं?"

तिने पँट बाजूला ठेवली. मग ताग्यांमागे आली आणि तिने मला बाहेर काढलं.

पुन्हा तळं. रिळावर नवा नायलॉन. मास्तरांनी माझी मूठ उजव्या काखेत दाबली आणि डाव्या हाताने रीळ फिरवू लागले. मासा लागला. हिसका द्यायची गरजच नव्हती; ते फिरवत राहिले आणि मी वाकत राहिले. त्याने ओढलं की मी द्यायची, तो थकला की थोडं परत घ्यायची. अंगात कुठेतरी एक तंतू कट्कन तुटला. वय झालं होतं माझं.

मुलगी उठली, हात पुढे आले. "बाबा, मी—"

"हात!"

ती खाली बसली आणि दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात काढले नाहीत.

मासा काठाला आला. मास्तरांनी वाकून त्याला पाण्यातच मोकळं केलं, थोडा वेळ पाहिलं. मग मला मुलीपुढे धरलं. "घे. आता तू टाक. माझा हात भरून आला."

तिने ओढून घेतलं नाही. त्यांनी सोडेपर्यंत ती थांबली.

आता मास्तरांना तळ्यापर्यंत जाववत नाही, मलाही फारसं झेपणार नाही. मित्रांनो, माझ्यासारखीला कोपऱ्यात ठेवाल तेव्हा दोरा सैल करा. ताणलेलं राहून आम्ही लवकर झिजतो. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल तर जरा दमाने घ्या.

हे बघा, समोर मास्तर सदरा घालताहेत. गिऱ्हाईक खोळंबलं आहे. मुलगी हात पाठीमागे बांधून उभी आहे. वरचं एक बटण अजून राहिलं आहे. लागेल. आपणही थांबू या.