काकाकुवा ओढ्यावरची हट्टी कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. गंजलेली आहे, एका टोकाला बोथटही आहे. पण मला बिचारी म्हणाल तर याद राखा.

माझा जन्म इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला असं ठोकलं, की शेजारच्या तीन गावांतल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत, असं सांगतात. सांगणारी मीच आहे. जॅगो ट्रेंबाथ या कथिलाच्या खाणीतल्या कामगाराने मला घेतलं आणि माझ्या लोखंडावर आपली आद्याक्षरं कोरली. पुढे ऑस्ट्रेलियात सोनं सापडल्याची बातमी आली. जॅगो, त्याची बायको टॅमसिन आणि मी, असे तिघं चार महिने जहाजात हेलकावे खात काकाकुवा ओढ्याच्या खोऱ्यात पोचलो.

त्या खोऱ्याचा एक रिवाज होता. सोन्यासाठी खणलेल्या खड्ड्यात हत्यार उभं असेल, तर खड्ड्याला मालक आहे. नसेल, तर जो आधी उतरेल त्याचा खड्डा. मालक जेवायला जावो की आजारी पडो, राखण आम्ही हत्यारांनी करायची.

वर्षभरात जॅगो तापाने गेला. त्याला टेकडीवर पुरायला निघण्याआधी टॅमसिन खड्ड्यात उतरली.

"बाई गं, दोन तास सांभाळ. एवढंच उरलंय माझ्याकडे," असं म्हणत तिने मला तळाच्या गारगोटीत मारलं. नवरा गेल्याचा सगळा संताप त्या घावात होता. मी वीतभर आत रुतले.

लोक टेकडी चढले, तोच दुसऱ्यांच्या खड्ड्यांवर डोळा असलेला सायलस ग्रब दोन सोबत्यांना घेऊन आला.

"विधवेला कशाला हवाय खड्डा? उपटा रे ती!"

एकाने ओढलं, दोघांनी ओढलं, मग तिघांनी. मी दात आवळले. कुदळीला दात नसतात हे मलाही ठाऊक आहे, तरी आवळले. शेवटी दांडा निखळला आणि तिघंही चिखलात उताणे पडले.

टॅमसिन परतली, तेव्हा खड्ड्यांचे तंटे सोडवणारा सरकारी अंमलदारही घोड्यावरून आला होता. सायलस दांडा नाचवत म्हणाला, "साहेब, हत्यार माझ्या हातात. खड्डा मोकळा!"

"तुझ्या हातात लाकूड आहे, मेल्या!" टॅमसिन कडाडली. "साहेब, माणसाची टोपी उडाली म्हणजे माणूस घर सोडून गेला का?"

गर्दीत हशा पिकला. म्हातारा खाणकामगार पेंट्रीथ पुढे झाला. "आम्ही कॉर्नवॉलवाले दांडे दर वर्षी बदलतो, साहेब. नाव लोखंडावर कोरतो. खड्ड्यात उतरा आणि वाचा."

साहेब उतरला. त्याने अक्षरं वाचली, मग स्वतः मला ओढून पाहिलं. त्याच्या कोटाची तीन बटणं तुटली. माझं काही तुटलं नाही.

"लोखंड जागेवर आहे," तो धापा टाकत म्हणाला. "खड्डा बाईंचा."

"एकटी खणणार कशी गं?" सायलस गुरगुरला.

"तू पडलास त्यापेक्षा बरी!"

सोनं निघालं ते चिमटीभर. नारळाएवढा गोळा निघाला, असं मी पूर्वी सांगत असे. पण या वयात किती खोटं बोलावं? पुढच्या खोऱ्यात सोनं निघाल्याची आवई उठली आणि आठवड्यात सगळे तंबू गेले. सायलसही गेला. टॅमसिन राहिली. तिने मला नवा दांडा घातला आणि त्याच जमिनीत बटाटे लावले. पुढे तिची लेकरं-नातवंडंही मला घेऊन तिथेच खणत राहिली. सोनं संपलं म्हणून खोरं संपलं, असं परक्यांनी ठरवलं. आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आम्ही ऐकलंही नसतं.

परवा शहरातून पाहुणे आले. मला सोनेरी रंग देऊन काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणत होते.

टॅमसिनची खापरपणती मोरवेना म्हणाली, "न्या की! पण मग बटाटे काय नखांनी काढू?"

मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादं जुनं हत्यार पडलं असेल. त्याची आरती ओवाळू नका. गंज घासा, तेल द्या, दांडा ठोका आणि कामाला जुंपा. माझ्याकडे मात्र फार वेळ बघत बसू नका. मला ओढ्यालगतचा वाफा अजून खणायचा आहे.