सरांचा गोल्फ पार्टनर

उत्तरेश्वर शिंदेला गोल्फची हौस कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी हौस होती तर भोगा आता.

झालं असं, की दोन हजार एक साली कंपनीने त्याला न्यू जर्सीला पाठवलं. तिथे क्लायंटच्या म्हाताऱ्या साहेबाने एका रविवारी सगळ्या टीमला मैदानावर नेलं आणि गंमत म्हणून एकेकाच्या हातात गोल्फची काठी दिली. बाकीच्यांनी नुसतं गवत उपटलं. आमचा पठ्ठ्या मात्र उस्मानाबादेत विटी कोलत वाढलेला. त्याने असा काही फटका हाणला, की चेंडू सरळ झेंड्यापाशी जाऊन थांबला. तेवढीच त्याची चूक.

तेव्हापासून तो म्हातारा दर डिसेंबरात पुण्याला आला, की आधी विचारायचा, ‘माझा तो काठीवाला कुठंय?’ हिंजवडीच्या ऑफिसात जे ठरत नसे ते गवतावर चालता चालता ठरे, आणि वर्षभराचं काम पुन्हा कंपनीकडे येई. त्यामुळे हिंदुराव सरांनी, म्हणजे उत्तरेश्वरच्या बॉसने, त्याला कायमचा पार्टनर करून टाकला. ऑक्टोबर ते मार्च एकही शनिवार-रविवार घरचा नाही. पावसाळ्यात मैदानावर चिखल, म्हणून तेवढी सुटका असायची. यंदा तीही गेली. सीझन नसतो तेव्हाच खरा खेळाडू घडतो, असं सरांनी कुठेतरी वाचलं, आणि जूनपासून रोज पहाटे साडेपाचला कोरेगाव पार्कात जिम सुरू झाली. हडपसरहून उठून जायचं, घामाघूम होऊन साडेसातला परतायचं आणि आठची कंपनीची बस पकडायची. बायकोचं तोंड दिसायचं ते डब्याच्या पिशवीपुरतं.

बायको म्हणजे श्रद्धा. नऊ वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की घरी. आणि जुलैत तिला लोणी काळभोरच्या ज्युनिअर कॉलेजातून पत्र आलं: कायम नोकरी, सकाळचं सत्र, सव्वासातला पहिला तास, एक ऑगस्टला हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. पत्र हातात घेऊन बाई स्वयंपाकघरात एकटीच हसली.

अडचण एकच. सात वाजता सासूबाईंना इन्सुलिन टोचायचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, स्वतःला जमायचं नाही. आणि सात वीसला नऊ वर्षांच्या पूर्वाची शाळेची बस.

“अहो, तुम्ही सकाळी घरी थांबलात तरच जमेल,” श्रद्धा म्हणाली. “नाहीतर आत्ताच सांगा, मी नाही म्हणून कळवते.”

“कळवू नकोस! उद्या बोलतो सरांशी,” उत्तरेश्वर म्हणाला. त्याला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये तो सरांपुढे उभा राहिला. रात्रभर पाठ केलेलं वाक्य बाजूलाच राहिलं आणि बाहेर आलं ते असं: “सर, सकाळचं जरा... घरी ॲडजस्ट होत नाहीये.”

“अरे वेड्या, आधी नाही का सांगायचं!” सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “तू येऊच नकोस. ट्रेनर तुझ्या घरी पाठवतो. खर्च कंपनीचा. आता तर काही प्रॉब्लेम नाही ना?”

“नाही सर. थँक यू सर.”

थँक यू! नकार द्यायला गेलेला माणूस आभार मानून परत आला. वर घरी येऊन सांगतो कसं, तर, “सुटला बघ प्रश्न! आता मी घरीच.”

“घरी असणं आणि मोकळं असणं वेगळं असतं,” श्रद्धा म्हणाली. पण नऊ वर्षांनी दार उघडलं होतं, तिलाही विश्वास ठेवायचा होता. तिने होकार कळवला.

पहिले दहा दिवस बरे गेले. ट्रेनर दशरथ सहाला यायचा, टीपॉय भिंतीला लावायचा, चटई अंथरायचा. समजूतदार माणूस. सात वाजले की स्वतःच म्हणायचा, “जा सर, आजींचं उरकून या.” श्रद्धा पावणेसातला गाडीला किक मारून निघायची आणि संध्याकाळी वर्गातल्या गमती सांगायची. उत्तरेश्वरलाही वाटू लागलं, जमलं बुवा.

अकराव्या दिवशी दशरथच्या मागून हिंदुराव सर आत आले. “म्हटलं पार्टनरबरोबरच करावा व्यायाम! आता रोज येणार.” श्रद्धाने त्यांना नमस्कार केला, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पावणेसात होताच ती निघून गेली. थांबली असती तर तास बुडाला असता.

सात वाजले तेव्हा दोघेही कोपरांवर अंग तोलून जमिनीला समांतर होते. घड्याळ सरांच्या हातात.

“उत्तरेश्वरा,” आतून आईची हाक आली. “काय करायलास रं? सात वाजले की.”

दशरथने त्याच्याकडे पाहिलं. सरांनी मान वळवली. “कोण?”

“काही नाही सर. आई.”

“गुड. सोडू नकोस. अजून तीन मिनिटं. डिसेंबरात मला वाकलेली कंबर नकोय.”

उठ की लेका! एक माणूस उठतो म्हणून कुठली कंपनी बुडते? पण त्याच्या डोळ्यांपुढे फ्लॅटचा हप्ता आला, यंदाचं प्रमोशन आलं, आणि हात जागचे हलेनात.

पूर्वा आतल्या दारात आली. दोनपैकी एकच वेणी घातलेली, अंगात युनिफॉर्म, हातात सुई आणि फ्रीजमधली बाटली.

“बाबा, बस येईल. आजीला मी टोचू? मी बघितलंय, आई कसं करते ते.”

“बघ, किती स्मार्ट!” सर धापा टाकत म्हणाले.

उत्तरेश्वरच्या नाकावरून घामाचा थेंब चटईवर पडला. मान वर न करता तो म्हणाला, “बाराच्या रेघेपर्यंत ओढ. बाराच. नीट बघ.”

पूर्वा आत गेली. पाठोपाठ आईचा घाबरलेला आवाज आला, “तू कशाला गं माय? बाबा कुठं गेला?”

“इथेच आहे आजी,” पूर्वा म्हणाली. “बाबा कामात आहे. तू हलू नकोस.”