तळ्याकाठचा पंजा

मी पंजा बोलतोय. हाताचा नव्हे, लोखंडाचा. वाकडे दात आणि माणसाहून उंच दांडा. गावाच्या तळ्यातलं गवत ओढायचं, एवढंच माझं काम. सध्या तेही नाही, म्हणून बोलतोय.

लोहाराने मला एका मोडक्या फाटकाच्या गजांतून घडवलं. ते काम ताईने सांगितलं होतं. तिने माझे दात बोटाने चाचपले आणि म्हणाली, "टोकं बोथट कर."

लोहार वैतागला. "बोथट हवा होता, तर काठीच न्यायची की!"

"मला गवत ओढायचंय रे, माशांची पोटं नाही फाडायची."

त्याने निमूटपणे कानस उचलली.

ताईचं घर तळ्याला लागूनच. आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, आणि तळ्यालाही. काठावर कोणी कचरा टाकला, की ती तो उचलून त्याच्याच दारात नेऊन ठेवायची. "तुमचं काहीतरी राहिलं होतं," म्हणायची, तेही हसून. लोक आधी तिला टाळायचे. मग लाजून का होईना, सुट्टीच्या दिवशी गवत काढायला येऊ लागले.

तिचा एक नियम होता. ओढलेलं गवत लगेच गाडीत भरायचं नाही. रात्रभर पाण्याला लागूनच पसरून ठेवायचं. त्यात अडकलेल्या गोगलगायी, चतुर किड्यांची पिल्लं हळूहळू सरपटत परत पाण्यात जायची. शेजारची शिंपीणकाकू चेष्टा करायची, "अगं, त्यांना सोडायला रिक्षा बोलावू का?"

"बोलव. तूही बस. तुझं घर वाटेतच आहे."

आणि तळ्याचा एक कोपरा ती पाणकोंबड्यांसाठी तसाच सोडायची. भाऊ घाईघाईत मला तिकडे घालायला गेला, की ओरडायची, "धाकट्या, दुसऱ्याच्या घरात असं घुसतात का?"

मग ताईला ताप भरला. भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्या त्या तिच्या चपला, पिशवीतून.

त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत बंद आहे. तिने शेवटी ओढलेल्या गवताचा चिखल माझ्या दातांवर वाळलाय. भाऊ तो कोणाला पुसू देत नाही. कधी आत येतो, दांड्यावर ताई जिथे धरायची तिथे हात ठेवतो. एक वर, एक खाली. ओढत मात्र काहीच नाही. नाक पुसतो आणि जातो.

परवा काकू आली. "अरे, पंजा दे. गवताने तळं झाकत आणलंय. मासे मरून वर यायला लागलेत."

"नवा घ्या."

"घेतला ना बाजारातून! दोनदा ओढला, तर दात सरळ झाले त्याचे."

"मग हातांनी काढा! ताईच्या वस्तूला हात लावायचा नाही!"

दार असं आपटलं, की मी भिंतीवरून घसरून पडलो. काकू बाहेरच उभी होती. तिचा आवाज आला, "तुझी ताई होती रे. पण आमचीही कोणीतरी होतीच ना?"

दाराला पाठ लावून भाऊ माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आज माणसं खरंच नुसत्या हातांनी गवत ओढताहेत. मला इथे ऐकू येतंय. कोणाचा तरी हात कापला, काकू फडकं मागतेय. भाऊ खिडकीशी उभा आहे, पाठमोरा.

अरे धाकट्या, हा चिखल धुतला, तर ती आणखी थोडी जाईल, असं वाटतं ना तुला? मलाही वाटतं. पण त्याखाली मला गंज चढतोय, आणि बाहेर तिचं तळं बुजतंय. तुझ्याच्याने आज ओढवणार नाही, ठाऊक आहे मला. मला काकूच्या हातात दे. तू काठावर नुसता बस. रडू आलं तर रड, कोणी काही म्हणणार नाही.

पण दार उघड.