रक्ताचा दोष कुणाचा?

शीला तीन वर्षं डोंबिवलीला माहेरी होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा कान्हा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराने गेला होता. दर महिन्याला रक्त चढवूनही वाचला नाही. कळव्याच्या सासरी तेराव्यालाच सासू दगडाबाई चारचौघांत ओरडली, "हिच्या माहेरचंच रगत नासकं हाय!" नवरा दौलत मान खाली घालून गप्प बसला. पुढे काडीमोड झाला.

१९९४ साली खडवलीच्या मंजुळेशी दौलतचा साखरपुडा ठरल्याचं शीलाला कळलं. तिने स्वतःच्या आणि दौलतच्या रक्ततपासणीचा जुना रिपोर्ट काढला आणि कान्हाच्या डॉक्टर चित्राबाईंना गाठलं.

"बाई, हे मराठीत लिहून द्या. साखरपुड्यात मोठ्याने वाचणार. दोष दौलतच्या रक्तातही आहे! आई-बाप दोघांकडून आला तरच पोर आजारी पडतं, तुम्हीच सांगितलेलं ना? म्हातारीचं तोंड उतरलेलं बघायचंय मला!"

"देते लिहून."

"आणि पुढे म्हणे गर्भातच दोष दुरुस्त करता येईल. मग त्यांचा अख्खा वंशच बदलून टाका!"

चित्राबाई गंभीर झाल्या. "अजून कुणालाच ते जमत नाही. जमलं तर मलाही हवंय. कुठल्याच पोराला महिन्या-महिन्याला सुई नको. पण शीला, तो बदल पतवंडांपर्यंत जाणार. चूक झाली तर तीही जाणार. त्यांना विचारणार कोण? आज आजार काढतील, उद्या काळा रंग काढतील. नासकं कोण हे तेव्हा दगडाबाई ठरवील. आणि आत्ता तू ठरवतेयस!"

शीला चपापली. "मग सोडून देऊ त्यांना?"

"सोडू नकोस. पण त्या मुलीने काय केलंय? तिला भर मांडवात कळावं?"

दुसऱ्याच दिवशी शीला खडवलीला गेली. झालेलं सगळं सांगून चित्राबाईंचा कागद मंजुळेच्या हाती देत म्हणाली, "तुझंही रक्त तपासून घे. मग तूच ठरव."

मंजुळेने साखरपुडा थांबवला. दगडाबाई जाब विचारायला आली, तेव्हा मंजुळा सर्वांदेखत म्हणाली, "आधी माझी तपासणी होऊ दे. आणि शीलाताईंना नावं ठेवलीत, तुमच्या मुलाच्या रक्ताचं काय?"

दगडाबाई उतरल्या तोंडाने माघारी फिरली! हे ऐकून शीलाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

आठवड्याने दौलत डोंबिवलीला आला. "चुकलो मी. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मला काय सांगतोस? तेराव्याला जितकी माणसं होती, तितक्यांना बोलाव आणि त्यांच्यासमोर सांग."

त्याने सांगितलं. शेजारी दगडाबाई डोळे पुसत उभी होती.

बंधुभगिनींनो, उद्याचं विज्ञान माणसाच्या बीजातला आजार काढील, जरूर काढावा. पण कुणाचा वंश चांगला आणि कुणाचा टाकाऊ, हे ठरवण्याची खोड आपली आहे. ती आपल्यालाच काढावी लागेल!